सर्व्हर बदलल्यावर मराठी वेबसाइटची अक्षरं बिघडली: आधी बाइट मोजा, मगच दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेची २००६ पासून चालू असलेली वर्डप्रेसवरची मराठी वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली. थीमच्या फाइलमध्ये लिहिलेलं संस्थेचं नाव आणि पत्ता नीट दिसतो. लेखांच्या जागी मात्र डोक्यावर रेघ असलेले रोमन 'ए', चलनाची चिन्हं आणि अपूर्णांक यांची रांग लागली आहे. काही लेखांत नुसती प्रश्नचिन्हं आहेत. अगदी जुन्या काही पानांवर अर्थ न लागणारी रोमन अक्षरं आहेत. कुणीतरी सुचवलं म्हणून सगळी टेबलं यूटीएफ८एमबी४ या युनिकोडच्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या तक्त्यात) बदलून झाली, पण फरक पडला नाही. विजेट आणि थीमच्या सेटिंग्जही गेल्या. आता काय करावं?

सगळ्यात आधी, डेटाबेसमध्ये आणखी काहीही बदलू नका. संपादकांना लेखांची दुरुस्ती थांबवायला सांगा. डेटाबेसच्या दोन प्रती घ्या: एक जुन्या सर्व्हरवरची (तो अजून चालू असेल तर लगेच, आजच) आणि एक नव्या सर्व्हरवरची, आत्ता आहे त्या अवस्थेतली. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे बिघाड आहेत. त्यांपैकी पहिला पूर्ण दुरुस्त होतो, दुसऱ्यात मजकूर खरोखरच नष्ट झालेला असतो आणि तिसऱ्याचा सर्व्हर बदलण्याशी काही संबंध नाही. तिन्हींवर एकच उपाय चालवला, तर पहिल्यातला वाचलेला मजकूरही दुसऱ्याच्या वाटेनं जातो.

दिसणारी चिन्हं काय सांगतात

देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा आहेत. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं होतं. पहिल्या ६४ जागांचे पहिले दोन बाइट हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ असे सोळा अंक वापरणाऱ्या लेखनात) 'ई० ए४' असतात, उरलेल्या ६४ जागांचे 'ई० ए५'. 'म' म्हणजे ई० ए४ एई. हेच तीन बाइट कुणी विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य तक्त्यानुसार वाचले, तर ई० चा होतो रेघवाला ए, ए४ चं होतं चार टोकं असलेलं चलनाचं गोल चिन्ह आणि एई चं होतं नोंदणीकृत व्यापारचिन्हाचं वर्तुळातलं आर. म्हणून बिघडलेल्या मराठीत दर तिसरं चिन्ह तोच रेघवाला ए असतो. त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा ते गोल चिन्ह येतं, आणि ई० ए५ वाल्या मात्रा आल्या की येनचं चिन्ह येतं. ही रांग दिसली की निश्चिंत व्हा: बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जात आहेत.

साधं प्रश्नचिन्ह ही वेगळी गोष्ट आहे. ज्या तक्त्यात देवनागरी बसतच नाही त्यात मजकूर कोंबायला लावला, की सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून मोकळं होतं. तिथे मूळ बाइट उरत नाहीत. काळ्या चौकटीतलं किंवा हिऱ्याच्या आकारातलं प्रश्नचिन्ह याहून निराळं: यूटीएफ-८ म्हणून वाचताना ब्राउझरला अर्धवट किंवा अवैध बाइट मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. तो बाइट डेटाबेसमध्ये अजून असू शकतो. पण तसं पान कॉपी करून पुन्हा साठवलं, तर हे हिऱ्याचं चिन्हच मजकूर म्हणून पक्कं होतं.

रिकामे चौकोन दिसले तर दोष फाँटचा. मजकूर बरोबर आहे, फाँटात ती आकृती नाही. ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली मात्रा दिसली, तर मात्रेच्या आधीचं अक्षर गळालं आहे किंवा क्रम उलटा झाला आहे. 'आणि' या अर्थाच्या अँपरसँड चिन्हाला जोडून २३५० सारखे आकडे कच्च्या रूपात दिसत असतील (२३५० हा 'म' चा दशमान क्रमांक), तर खास चिन्हं सुरक्षित रूपात लिहिण्याची एचटीएमएलची क्रिया (एस्केपिंग) दोनदा झाली आहे. 'यू०९२ई' असे तुकडे दिसत असतील, तर जेसन या डेटा लिहिण्याच्या पद्धतीतली उलटी तिरकी रेघ कुठल्या तरी सफाईच्या फंक्शननं खाल्ली आहे.

बिघाड कुठे आहे ते ठरवण्याची मोजणी

थीमच्या फाइलमधला मराठी मजकूर नीट दिसतो, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात उपयोगी तपशील. सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये कॅरेक्टर सेट चुकीचा असता, तर तोही बिघडला असता. तरी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून एकदा खात्री करा. हेडरमध्ये यूटीएफ-८ हवं. हेडर आणि पानातला मेटा टॅग यांत मतभेद असेल, तर ब्राउझर हेडरचं ऐकतो. मेटा टॅगही पानाच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत असावा लागतो. हे ठीक असेल, तर उरतात डेटाबेस आणि त्याच्याशी होणारं संभाषण.

आता ज्याच्या शीर्षकात 'मराठी' हा शब्द आहे असा एखादा लेख निवडा. मोजायला सोपं जावं म्हणून फक्त तेवढाच शब्द असलेलं एखाद्या वर्गाचं नाव मिळालं तर उत्तम. कमांड लाइनवर किंवा पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस हाताळायच्या वेब साधनात) त्या कॉलमवर तीन फंक्शनं चालवा: चार_लेंग्थ, लेंग्थ आणि हेक्स. पहिलं अक्षरं मोजतं, दुसरं बाइट मोजतं, तिसरं प्रत्यक्ष काय साठवलंय ते दाखवतं. पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरावर विसंबू नका, कारण पडदाही कुठल्या तरी तक्त्यातून बोलतो. हेक्स मात्र सगळीकडे सारखंच दिसतं.

'मराठी' मध्ये म, र, आ ची मात्रा, ठ आणि दीर्घ ई ची मात्रा अशी पाच युनिकोड चिन्हं आहेत. त्यामुळे उत्तर चारपैकी एक येईल.

५ अक्षरं आणि १५ बाइट, हेक्सची सुरुवात ई०ए४एई: डेटा पूर्ण बरोबर आहे, दोष जोडणीत (वर्डप्रेस आणि डेटाबेस यांच्या संभाषणात) आहे.

१५ अक्षरं आणि १५ बाइट, हेक्स तेच: कॉलम लॅटिन१ आहे (डेटाबेसमध्ये त्याच पाश्चात्त्य तक्त्याचं नाव), पण आत यूटीएफ-८ चे बाइट आहेत. डेटा बरोबर, लेबल चुकीचं.

१५ अक्षरं आणि ३१ बाइट, हेक्सची सुरुवात सी३ए०सी२ए४सी२एई: दुहेरी एन्कोडिंग झालं आहे. चुकीचं वाचून मिळालेली पाश्चात्त्य चिन्हं पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली गेली.

५ अक्षरं आणि ५ बाइट, हेक्स ३एफ३एफ३एफ३एफ३एफ: खरीखुरी प्रश्नचिन्हं. मजकूर गेला.

३१ चा हिशोब लक्षात घ्या. पहिल्या चार चिन्हांचे तीन-तीन बाइट दुहेरी होऊन सहा-सहा होतात, पण दीर्घ ई च्या मात्रेतला शेवटचा ८० हा बाइट विंडोज-१२५२ मध्ये युरोचं चिन्ह आहे आणि युरोला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. म्हणून ती मात्रा सात बाइटची होते. एकूण चोवीस आणि सात. ३१ च्या जागी कमी आकडा आला, तर वाटेत काहीतरी गळालं आहे. त्याबद्दल पुढे.

ही मोजणी प्रत्येक टेबलावर करा: लेख, टिप्पण्या, वर्गांची नावं, पोस्टमेटा, ऑप्शन्स. सगळी टेबलं एकाच अवस्थेत असतील असं धरून चालू नका.

असं झालंच कसं

वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा कॅरेक्टर सेट सांगणारी डीबी_चारसेट ही ओळ २.२ या आवृत्तीत, २००७ साली आली. त्याआधी बसवलेल्या साइटच्या फाइलमध्ये ती नसायची, आणि अपग्रेड करताना कॉन्फिग फाइल तशीच ठेवली जायची. वर्डप्रेस वापरतं त्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ५.७ पर्यंत मूळ कॅरेक्टर सेट लॅटिन१ होता. म्हणजे टेबल लॅटिन१, जोडणीही लॅटिन१. वर्डप्रेस यूटीएफ-८ बाइट पाठवत होतं, डेटाबेस ते पाश्चात्त्य अक्षरं समजून ठेवत होता आणि मागितल्यावर जसेच्या तसे परत देत होता. दोन्ही बाजूंना एकच चूक असल्यामुळे ती वर्षानुवर्षं कुणाला दिसली नाही.

नव्या सर्व्हरवर नवी कॉन्फिग फाइल आली आणि त्यात यूटीएफ८एमबी४ लिहिलेलं होतं. आता जोडणी खरं बोलू लागली आणि टेबलाचं लेबल खोटंच राहिलं. डेटाबेसनं त्याच्या समजुतीनुसार लॅटिन१ चं इमानदारीनं यूटीएफ-८ केलं, आणि लेखांच्या जागी ती रांग दिसू लागली. त्या क्षणी तुमचा डेटा १५ आणि १५ या अवस्थेत होता. त्यानंतर टेबलांवर 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' हा आदेश चालवला गेला. हा आदेश लेबल बदलत नाही, मजकुराचं भाषांतर करतो. त्यानं प्रत्येक पाश्चात्त्य चिन्हाचं यूटीएफ-८ करून ठेवलं. त्यामुळे आता बहुतेक टेबलं १५ आणि ३१ वर असणार. दिसण्यात काही फरक पडला नाही, पण आतली परिस्थिती एक पायरी अवघड झाली.

जुना सर्व्हर चालू असेल, तर तिथून मजकूर पुन्हा आणून सोप्या अवस्थेतून सुरुवात करणं केव्हाही चांगलं. मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारं साधन) वापरताना निकाल फाइलमध्ये वळवायला विंडोजच्या पॉवरशेलचं 'मोठ्याचं' चिन्ह वापरू नका. जुन्या पॉवरशेलमध्ये त्यानं यूटीएफ-१६ फाइल तयार होते. त्याऐवजी रिझल्ट-फाइल हा पर्याय द्या.

वाचकांसाठी साइट ताबडतोब वाचनीय करायची असेल, तर कॉन्फिग फाइलमध्ये डीबी_चारसेट तात्पुरतं लॅटिन१ करा. जोडणी पुन्हा खोटं बोलू लागेल आणि जुने लेख दिसतील, दुहेरी एन्कोडिंग झालेलेसुद्धा, कारण परतीच्या वाटेवर एक थर उतरतो. पण या अवस्थेत लेखन पूर्ण बंद ठेवा. सर्व्हर बदलल्यानंतर बरोबर साठवले गेलेले नवे लेख या जोडणीतून प्रश्नचिन्हांच्या रूपात येतात. कुणी तसाच लेख उघडून 'अपडेट' दाबलं, तर ती प्रश्नचिन्हं कायमची लिहिली जातील.

दुरुस्ती: १५ आणि १५ असेल तर

इथे लेबल बदलायचं आहे, मजकूर नाही. त्यासाठी कॉलम आधी बायनरी करायचा (बायनरीला कॅरेक्टर सेट नसतो, म्हणून डेटाबेस भाषांतर करत नाही) आणि मग यूटीएफ८एमबी४ चा मजकूर कॉलम करायचा. टेक्स्टचं ब्लॉब, लाँगटेक्स्टचं लाँगब्लॉब, व्हारचार २०० चं व्हारबायनरी २००, आणि परत. व्हारचार नव्हे तर ठरावीक लांबीच्या 'चार' या प्रकारचा कॉलम असेल तर बायनरी करू नका, कारण त्यात शून्य बाइटची भर पडते. आधी व्हारचार करा. कॉलम बदलणारा 'मॉडिफाय' आदेश लिहिताना नॉट नल, डिफॉल्ट हे सगळं पुन्हा लिहावं लागतं, नाहीतर ते गळतं. फुलटेक्स्ट इंडेक्स (मजकुरात शोधायची सूची) असेल तर आधी काढून ठेवा.

इंडेक्सची लांबी हा दुसरा अडथळा. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवणीच्या जुन्या रचनेत इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट असते. यूटीएफ८एमबी४ मध्ये प्रत्येक अक्षराला चार बाइट धरले जातात, म्हणून २५५ अक्षरांचा इंडेक्स बसत नाही आणि तो १९१ वर आणावा लागतो. वर्डप्रेसच्या टेबलांत दिसणारा १९१ चा आकडा तिथूनच आला. टेबलाचा रो फॉरमॅट (ओळी साठवण्याची पद्धत) डायनॅमिक असेल तर मर्यादा ३०७२ बाइट होते आणि प्रश्न मिटतो.

बायनरीतून परत येताना एखादी ओळ अवैध बाइटवर अडकली, तर ते बहुधा जुन्या काटछाटीचं फळ असतं. लॅटिन१ मध्ये २०० अक्षरांचा कॉलम म्हणजे २०० बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ६६ चिन्हं. त्यापुढचं नाव अक्षराच्या मध्येच कापलं गेलेलं असतं. शेवटचे एक-दोन अनाथ बाइट छाटा, ओळ पुढे जाईल.

दुरुस्ती: १५ आणि ३१ असेल तर

तुमची साइट बहुधा इथे आहे. एक थर उलटा उतरवायचा: कॉलम आधी लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट करायचा, त्याला बायनरी म्हणून कास्ट करायचं, मग ते बाइट यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचायचे. एका ओळीत: कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(पोस्ट_कंटेंट यूझिंग लॅटिन१) ॲज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४).

सूत्र छोटं आहे आणि धोका मोठा. जो लेख आधीच बरोबर आहे त्यावर हे चालवलं, तर पहिल्याच पायरीत देवनागरी लॅटिन१ मध्ये बसत नाही आणि सगळा लेख प्रश्नचिन्हांचा होतो. म्हणून कुठल्या ओळी घ्यायच्या ते सांगणारी व्हेअरची अट हा या आदेशाचा जीव आहे. ज्या ओळींत सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ हे बाइट आहेत, फक्त त्याच निवडा. हे लाइक वापरून साध्या मजकुरात शोधू नका. बऱ्याच कोलेशनला (अक्षरांची तुलना करण्याच्या नियमांना) रेघवाला ए आणि साधा ए सारखेच वाटतात. हेक्स केलेल्या रूपात लाइक चालवलं, तर जुळणी अर्ध्या बाइटवरही होऊ शकते. कॉलमला बायनरी कास्ट करून त्यात लोकेट फंक्शननं हेक्स मूल्य शोधणं हा खात्रीचा मार्ग.

ज्या ओळींत दुहेरी बाइटही आहेत आणि ई०ए४ हे थेट देवनागरीचे बाइटही आहेत, त्या बाजूला काढा. जुना लेख उघडून कुणी नवा परिच्छेद जोडला असेल तर असं होतं. त्यांचा बिघडलेला तुकडा तेवढा वेगळा काढून दुरुस्त करावा लागतो. अशा ओळी थोड्याच असतात, हातानं केलेलं बरं.

थेट अपडेट चालवू नका. टेबलाची प्रत करा, नवा कॉलम जोडा, निकाल त्यात घ्या. मग नल (मूल्यच नाही अशा जागा) किती आले ते मोजा. बाइट अवैध असले की सूत्र नल देतं, आणि कडक मोड (चुकीचं मूल्य नाकारणारी सेटिंग) बंद असलेल्या सर्व्हरवर नॉट नल कॉलममध्ये त्या नलचा रिकामा मजकूर होतो, म्हणजे अख्खा लेख पुसला जातो. नल शून्य आणि 'मराठी' पुन्हा ५ व १५, असं दिसल्यावरच मूळ कॉलमला हात लावा.

आता हा थर मायएसक्यूएलच्या बाहेर का उतरवू नये ते सांगतो, कारण मराठीत याचा फटका जबर बसतो. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मराठीत या पाच बाइटवर कोण बसलंय पाहा. 'उ' ची ऱ्हस्व मात्रा ई० ए५ ८१, हलन्त ई० ए५ ८डी, 'ए' ई० ए४ ८एफ, 'ऐ' ई० ए४ ९० आणि 'झ' ई० ए४ ९डी. चंद्रबिंदू आणि ॐ यांच्याही शेवटी हेच बाइट येतात. कडक तक्ता वापरणाऱ्या साधनातून मजकूर गेला, तर हलन्त गळतो आणि प्रत्येक जोडाक्षर फुटतं: 'ज्ञान' लिहायला गेलं तर जोड सुटून दोन सुटी अक्षरं उरतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं सीपी१२५२, म्हणजे हाच तक्ता, इथे चूक दाखवून थांबतं, आणि 'चुका दुर्लक्षित करा' असा पर्याय दिला तर निमूटपणे गाळतं. मायएसक्यूएलचं लॅटिन१ मात्र या पाच बाइटना नियंत्रण-चिन्हांच्या जागा देऊन जपून ठेवतं, म्हणून तिथे जाणं-येणं बिनतोटा होतं. पायथनच वापरायचं असेल, तर एफटीएफवाय या लायब्ररीतला 'स्लॉपी' विंडोज-१२५२ तक्ता वापरा, तो याच कामासाठी आहे.

आणखी दोन अक्षरं नाजूक आहेत. 'ठ' चा शेवटचा बाइट ए० पाश्चात्त्य तक्त्यात न तुटणारी मोकळी जागा आहे. बिघडलेला मजकूर एखाद्या एडिटरमधून गेला, तर ती साध्या स्पेसमध्ये बदलते. 'भ' चा शेवटचा बाइट एडी हा अदृश्य संयोगचिन्हाचा, तो कॉपी-पेस्टमध्ये सहज नाहीसा होतो. म्हणून दुरुस्तीनंतर 'ठाणे' आणि 'भाषा' असलेले लेख आवर्जून तपासा. 'ठ' परत मिळवता येतो: सी३ए०सी२ए४ च्या लगेच नंतर साधी स्पेस, म्हणजे २०, आली असेल तर वैध मजकुरात असं कधीच घडत नाही. तिथे २० च्या जागी सी२ए० ठेवा आणि मगच सूत्र चालवा. 'भ' साठी असा खात्रीचा नियम नाही, कारण त्याच जागी 'झ', 'ए' किंवा 'ऐ' सुद्धा गळालेला असू शकतो. शब्द वाचूनच भरावा लागतो.

विजेट आणि सेटिंग्जचं काय

त्या गेलेल्या नाहीत. वर्डप्रेस सेटिंग्ज सीरियलाइज करून ठेवतं, म्हणजे प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. 'मराठी' आधी १५ लिहिलं आहे आणि वाचताना ३१ बाइट मिळतात, म्हणून पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती) ती नोंद नाकारतं आणि साइट मूळ सेटिंग्जवर जाते. इथे अनेकजण लांबीचे आकडे दुरुस्त करणारी स्क्रिप्ट चालवतात. तसं करू नका. एक थर उतरला की बाइट पुन्हा १५ होतात आणि आकडा आपोआप जुळतो. आकडे आधी बदलले, तर नंतर दोन्हीकडून अडचण होईल. तोवर थीमच्या सेटिंग्जचं पान उघडून 'सेव्ह' दाबणंही टाळा, कारण मग जुनी नोंद खरंच पुसली जाते.

प्रश्नचिन्हं झालेले लेख

३एफ चे बाइट दिसले, तर कुठलंही सूत्र मजकूर परत आणू शकत नाही. मजकूर दुसरीकडे शोधावा लागतो. पहिली जागा जुना बॅकअप. दुसरी, त्याच टेबलातल्या रिव्हिजन प्रकारच्या ओळी, कारण लेखाची आधीची आवृत्ती अनेकदा तिथे शाबूत असते. तिसरी, इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवलेली पानं.

शीर्षकासाठी एक जागा फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: पोस्ट_नेम हा कॉलम. वर्डप्रेस मराठी शीर्षकाचा दुवा टक्केचिन्हांच्या रूपात, शुद्ध आस्की (साध्या रोमन) अक्षरांत साठवतं. त्यामुळे कुठलाही कॅरेक्टर सेट त्याचं काही बिघडवू शकत नाही. कॉलम २०० अक्षरांचा आणि देवनागरीच्या एका चिन्हाला नऊ जागा, म्हणजे शीर्षकातली पहिली बावीसेक चिन्हं तिथून उलगडून मिळतात. शीर्षकावरून लेख ओळखायला एवढं पुरतं.

नेहमीच्या एक्सेलमधून यादी आयात केली असेल, तर प्रश्नचिन्हांचा उगम तिथेही असू शकतो. साध्या सीएसव्ही प्रकारात साठवलं की देवनागरी तिथेच प्रश्नचिन्हं होते. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडायचा.

रोमन अक्षरांची जुनी पानं

ही पानं बिघडलेली नाहीत. ती श्रीलिपी, एपीएस, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेली आहेत. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असत. वाचकाच्या संगणकावर तो फाँट असेल तरच मराठी दिसे. साठवलेला मजकूर आस्की किंवा लॅटिन१ चाच असतो, आणि म्हणूनच वरची सूत्रं त्यावर चालवू नयेत. त्यात तो फाँट पुन्हा जोडणं हाही उपाय नव्हे: शोध चालत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, अंधांसाठीचं पडदावाचकही ते वाचू शकत नाही.

युनिकोडमध्ये रूपांतर हाच मार्ग. त्यासाठी नेमका कुठला फाँट ते आधी कळलं पाहिजे, कारण प्रत्येक संचाची मांडणी वेगळी. जुन्या एचटीएमएलमधल्या फाँट टॅगमध्ये नाव बहुधा सापडतं. त्या नावाचाच तक्ता असलेला कन्व्हर्टर घ्या. रूपांतरानंतर ऱ्हस्व इकार आणि रफार तपासा. जुन्या फाँटांत इकार अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकला जाई, युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. कच्चा कन्व्हर्टर 'आणि' मध्ये इकार 'ण' च्या आधी ठेवतो आणि ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. लेखात मध्ये खरे इंग्रजी शब्द असतील, तर तेही मराठी अक्षरांत बदलले जातात, ते वेगळे जपा.

दुरुस्ती झाल्यावर

कॉन्फिग फाइलमध्ये डीबी_चारसेट यूटीएफ८एमबी४ ठेवा, आणि कोलेशन सांगणारं डीबी_कोलेट रिकामं. साध्या 'यूटीएफ८' वर थांबू नका. मायएसक्यूएलमध्ये ते तीन बाइटपर्यंतच जातं. देवनागरी त्यात बसते, म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि मग कुणी टिप्पणीत इमोजी टाकतो. इमोजी चार बाइटचा. कडक मोड नसेल, तर टिप्पणी इमोजीपाशी कापली जाते आणि पुढचा मजकूर जातो. मोडी लिपीसुद्धा चार बाइटची आहे. संस्थेकडे मोडी कागदपत्रांचं काम असेल तर यूटीएफ८एमबी४ शिवाय चालणारच नाही.

थीममध्ये किंवा प्लगिनमध्ये सारांश कापण्यासाठी पीएचपीचं सबस्ट्र हे फंक्शन वापरलं असेल तर एमबी_सबस्ट्र करा. पहिलं बाइट मोजतं, म्हणून सारांशाच्या शेवटी हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह येतं. जिथे कुणी यूटीएफ८_एन्कोड लिहिलं आहे ती ओळ काढून टाका. दुहेरी एन्कोडिंगचं ते जुनं कारण आहे, पीएचपी ८.२ पासून ते फंक्शन वापरू नये असं जाहीरही झालं आहे. अदृश्य चिन्हं साफ करणारा एखादा प्लगिन असेल, तर तो शून्य-रुंदीचं जोडचिन्ह काढत नाही ना ते पाहा. अर्धा 'ऱ' जुन्या पद्धतीनं 'र', हलन्त आणि ते जोडचिन्ह असा लिहिलेला असेल, तर ते काढल्यावर 'आचाऱ्यास' चं 'आचार्यास' होतं. पान सुंदर दिसतं, अर्थ बदलतो, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी एक चाचणीचा लेख तयार करा आणि त्यात एवढं टाका: ज्ञानेश्वरी, कुटुंब, झाड, एक, ऐक, ठाणे, भाषा, आचाऱ्यास, ॲड., चाँद, ₹ आणि एक इमोजी. साठवा, पुन्हा उघडा, पुन्हा साठवा. मग डेटाबेसची प्रत काढून ती रिकाम्या चाचणी-डेटाबेसमध्ये भरा आणि तिथे याच लेखाचं हेक्स मूळ साइटवरच्या हेक्सशी ताडून पाहा. दोन्ही अक्षरशः सारखे आले, की संपादकांना लेखन पुन्हा सुरू करायला सांगा. जुन्या अवस्थेच्या त्या दोन प्रती तेव्हाही पुसू नका. 'भ' गळालेला एखादा लेख सहा महिन्यांनी सापडतो, आणि तेव्हा त्या लागतात.